ब्रुसेल्सच्या निळ्या पाट्या

मी पाट्या रंगवतो. बेळगावात, खडेबाजारच्या मागल्या बोळात, चाळीस वर्षं. फ्लेक्स आल्यापासून ब्रशचं काम कमी झालं. पण जुनी दुकानं, देवळं, शाळा अजून बोलावतात. लेकीकडं ब्रुसेल्सला दीड महिना राहून आलो, तर गल्लीतले चॉकलेटचं विचारतात आणि मी पाट्यांचं सांगत बसतो.

पहिल्या दिवशी शहर आवडलं नाही. दक्षिण स्टेशनातून बाहेर पडलो तर रेल्वे पुलाखाली माणसं पुठ्ठे अंथरून झोपलेली. जून असून भुरभुर पाऊस. फुटपाथवर कचऱ्याच्या पांढऱ्या पिशव्यांचे ढीग. तिथं ठरलेल्या दिवशी पिशवी दारापुढं ठेवायची पद्धत, आणि रात्रीत कुणीतरी जनावर त्या फाडतं. टेकाडावर न्यायालयाची अवाढव्य इमारत आहे, ती १९८०च्या दशकापासून परांचीत अडकलेली. जावई सांगत होते, पुढं त्या परांचीचीच दुरुस्ती करावी लागली. मोठ्या चौकातल्या सोनेरी नक्षीच्या इमारती बघून मात्र मी कठड्याला टेकून उभाच राहिलो. रात्री दहापर्यंत उजेड, आणि त्या उजेडात ते सोनं.

पाट्या दुसऱ्या दिवशी दिसल्या. रस्त्यांच्या नावाच्या, निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, पत्र्यावर भाजलेला मुलामा. वर फ्रेंच, खाली डच. मी खालून बघत राहिलो. नजरेनं अक्षराची उंची मोजायची सवय आहे, चूक फारशी होत नाही. दोन्ही ओळी सारख्या.

बेळगावात आता गिऱ्हाईक येतं ते टेप घेऊनच. २०२४च्या कायद्यानं पाटीवर ६० टक्के कन्नड हवं. उरलेल्या ४० टक्क्यांत इंग्रजी बसवली की मराठीला जागा कुठली? मालक मराठी, गिऱ्हाईक मराठी, तरी म्हणतो, "पेंटर, मराठी गाळा, लफडं नको." तसं म्हणताना त्याचा आवाज खाली येतो. मी रंगवलेल्या एका पाटीवर एका रात्री डांबर फासलं होतं. सकाळी रॉकेलनं पुसायला गेलो तर खालचा रंगही निघून आला. ती अक्षरं त्या दुकानदाराच्या आजोबांच्या वेळच्या वळणाची होती.

माझं कन्नडशी भांडण नाही, हे इथं लिहायलाच हवं. कन्नड अक्षर मला धारवाडकडच्या एका मास्तरांनी शिकवलं. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात, रेघ सरळ आली की निम्मं काम झालं. कन्नडचं तसं नाही. गोल पोटात ब्रश फिरवताना मधे उचलता येत नाही, आणि वरचा तलेकट्टु, म्हणजे डोक्यावरची छोटी रेघ, चुकली की अक्षर टकलं दिसतं. मला ते लिहायला आवडतं.

तर फ्लाजे नावाचा एक चौक आहे तिथं. फ्रेंचमधे 'चौक' शब्द नावाच्या आधी येतो, डचमधे नावानंतर. त्यामुळं काही पाट्यांवर नाव एकदाच लिहून भागवतात: 'प्लास फ्लाजे प्लेइन'. फ्रेंच माणूस पहिले दोन शब्द वाचतो, डच माणूस शेवटचे दोन. कुणा पेंटरला हे सुचलं असेल, त्याच्या मी पाया पडेन. जुन्या मारोल वस्तीत तर तिसरी ओळही दिसली, ब्रुसेल्सच्या आपल्या गावरान बोलीतली. तिथं रोज सकाळी जुन्या सामानाचा बाजार भरतो. त्या चौकाचं फ्रेंच नाव चेंडूच्या खेळाचं आणि डच नाव कोल्ह्यांचं. एकाच जागेची दोन नावं, अर्थ वेगळे, आणि कुणी कुणाचं खोडलेलं नाही.

पण मी तिथं दीड महिना राहिलो, त्यामुळं पुढचंही बघितलं. लेकीचे शेजारी डच बोलणारे आहेत. ते म्हणाले, बेकरीत डचमधे मागितलं की उत्तर फ्रेंचमधेच येतं. पाटीवर दोन भाषा, काउंटरवर एकच. हे ऐकून मला घरची आठवण झाली, आणि बरं वाटलं नाही.

एकदा रेल्वेनं लिएजला गेलो. ब्रुसेल्समधे गाडीतली घोषणा दोन्ही भाषांत. लूव्हन आलं तेव्हा नुसती डच. मग कुठलीशी शेतं गेली आणि नुसती फ्रेंच. खिडकीबाहेर काही बदललं नाही, तेच गहू, त्याच गाई. लेक म्हणाली, "बाबा, आत्ता भाषेची सीमा गेली." ती रेघ १९६२च्या कायद्यानं पक्की झाली. आपली, राज्यं भाषेवर पाडली तेव्हाची, १९५६ची. तिनंच सांगितलं, लूव्हनचं जुनं विद्यापीठ १९६८ मधे भाषेवरून फुटलं, आणि ग्रंथालयातली पुस्तकं वाटताना सम आकड्यांची एकाला, विषम आकड्यांची दुसऱ्याला गेली. एकाच ग्रंथालयाची पुस्तकं दोन गावांत. मी त्या दिवशी परतेपर्यंत फारसं बोललो नाही. निपाणी, खानापूर, बेळगाव डोळ्यापुढं येत होतं, आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडलेला आपल्या सीमाभागाचा दावा.

नात सहा वर्षांची. शाळा डच. रस्त्यानं जाताना ती पाटीची खालची ओळ आधी वाचते. मराठी बोलते छान, वाचता येत नाही. निघायच्या दोन दिवस आधी जावयांकडून प्लायवूडचा तुकडा आणि रंगाचे दोन छोटे डबे मागवले. तिच्या खोलीच्या दारासाठी निळ्यावर पांढरी पाटी केली. तिचं नाव तीनदा: मराठीत, कन्नडमधे, आणि तिच्या शाळेच्या अक्षरांत. पट्टीनं आखून, तिन्ही ओळी सारख्या उंचीच्या. ती शेजारी पालथी पडून बघत होती. "आजोबा, मधली कुठली?"

"ती आपल्या गावची."

"आणि वरची?"

"तीपण आपल्या गावची."

तिथल्या दमट हवेत रंग वाळत नाही. विमानतळाला निघताना बोट लावून बघितलं, गोल अक्षरांच्या पोटात अजून ओल होती. लेकीला म्हटलं, अजून दोन दिवस कुणाला हात लावू देऊ नको.