आमची वाटचाल : वजन नको, काम दाखवा

आमच्याकडे आज चार ग्रोथ फॅक्टरच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या पेशींना जगायला-वाढायला सांगणाऱ्या प्रथिनांच्या, बॅच नियमित निघतात : एनजीएफ, एफजीएफ-२, ईजीएफ आणि लिफ. भोसरी एमआयडीसीत भाड्याचा गाळा, वरच्या मजल्यावर प्लास्टिकच्या डब्यांचा कारखाना, शेजारी पावडर कोटिंग. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटेल, आत नटबोल्ट बनत असतील. नव्याने लागलेली मुलं म्हणाली, ताई, कंपनीची वाटचाल लिहून काढा. लिहिते, पण शाल-श्रीफळ छापाचं लिहायला जमणार नाही. काही माणसांचा हिशेब अजून बाकी आहे.

सुरुवात २०११ ची. त्याआधी मी एका औषध कंपनीच्या फर्मेंटेशन विभागात होते. ग्रोथ फॅक्टर म्हणजे परदेशी माल, हे तेव्हा ठरलेलंच. इंडेंट काढा, कोटेशन मागवा, वाट बघा, आणि कस्टम्समध्ये खोकं अडकलं की ड्राय आइस उडून जाणार. शेवटी खोकं हातात येतं तेव्हा आत गारवा नाही आणि तक्रार ऐकायला माणूस नाही. ही प्रथिनं ई. कोलाय या जिवाणूमध्ये बनतात हे एमएस्सीच्या पोरांनाही ठाऊक होतं. पण बनवणं हा या धंद्यातला सोपा भाग. ती जिवंतपणे काम करतील अशा अवस्थेत कुपीत भरणं, तिथे कुणी हात घालत नव्हतं.

पहिले भागीदार अण्णा. शिक्षण आयटीआय, रेफ्रिजरेशन. डेअऱ्यांचे चिलर दुरुस्त करता करता आमच्या जुन्या कंपनीच्या कोल्ड रूमच्या कामाला यायचे. जीवशास्त्राशी संबंध नाही, पण व्हॅक्यूम पंपाच्या आवाजावरून तेल बदलायची वेळ सांगणारा माणूस. अंकलेश्वरकडच्या एका बंद पडलेल्या इंजेक्शनच्या कारखान्याचा लिलाव होता, तिथून त्यांनी लायोफिलायझर, म्हणजे गोठवून सुकवायचं यंत्र, उचलला, भंगाराच्या भावात. दाराचं गॅस्केट फाटलेलं, कंडेन्सर गळका, शेल्फचा सेन्सर खोटं सांगणारा. टेम्पोत घालून आणला आणि पावसाळाभर त्याच्याशी झटत राहिले. आजही आमच्याकडे तोच चालतो. नवीन यंत्र घ्या म्हणून सेल्समन येतात, चहा पिऊन जातात.

कुपीत जो पांढरा केक दिसतो तो प्रथिनाचा नसतो, हे खरेदी करणाऱ्या कितीतरी जणांना माहीत नसतं. वीस मायक्रोग्रॅम प्रथिन डोळ्यांना दिसणारही नाही. केक असतो मॅनिटॉल आणि ट्रेहॅलोजचा, प्रथिन त्याच्या आडोशाला. शेल्फ उणे चाळिसाच्या खाली न्यायचे, मग व्हॅक्यूम, मग तापमान सावकाश वर. घाई केली की केक खाली बसतो आणि ओल आत अडकते. ज्याला रातोरात बॅच काढायची आहे त्याने फरसाणाचा धंदा करावा.

घर चालवलं ते एफजीएफ-२ ने. ते ई. कोलायमध्ये विरघळलेलंच मिळतं, हेपारिन लावलेल्या मण्यांच्या नळीला, म्हणजे कॉलमला, घट्ट चिकटतं, बाकीचा कचरा धुऊन जातो, आणि दीड-दोन मोलर मिठाचं द्रावण सोडलं की मोकळं होतं. त्या कॉलमला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. स्टेम पेशी म्हणजे जिच्यापासून शरीरातल्या नाना पेशी होऊ शकतात अशी पेशी. मानवी स्टेम पेशींनी स्टेम पेशीच राहावं, पुढच्या पिढ्याही तशाच काढाव्यात, तर माध्यमात, म्हणजे त्या ज्यात वाढतात त्या द्रावणात, एफजीएफ-२ हवंच. पण ३७ अंशांना ते दिवसभरात बरंचसं निकामी होतं. म्हणून स्टेम पेशीवाली मुलं रविवारीसुद्धा माध्यम बदलायला लॅबमध्ये हजर, आणि म्हणून आमचं गिऱ्हाईक पक्कं. (काही अमिनो आम्लं बदलून टिकाऊ केलेलं एफजीएफ-२ आता निघालं आहे. ते स्वस्त झालं की आमच्या पोटावर पाय येणार, हे दिसतंय.)

उंदराच्या भ्रूण-स्टेम पेशींना लिफ लागतं. आधी त्या दुसऱ्या पेशींच्या थरावर, फीडरवर, वाढवत. १९८८ मध्ये कळलं की त्या थराऐवजी लिफ घातलं तरी भागतं. लिफ पेशीच्या आत स्टॅट-३ या संदेश पोहोचवणाऱ्या प्रथिनाला जागं करतं आणि पेशी स्वतःसारखीच पेशी काढत राहते. लिफ काढून घ्या, काही दिवसांत घुमटासारखी वसाहत चपटी पडते आणि पेशी फुटेल त्या वाटेने जातात. आता न विचारता सांगते : नेहमीच्या मानवी स्टेम पेशींना स्टेम ठेवायला लिफ घालून पैसे घालवू नका. दरवर्षी कुणीतरी मागवतंच. आम्ही फोन करून विचारतो, पेशी कुठल्या प्राण्याच्या? त्यात ऑर्डर जाते, जाऊ दे.

एनजीएफने मात्र रक्त आटवलं. एका साखळीत ११८ अमिनो आम्लं, तीन डायसल्फाइड बंध, म्हणजे साखळीला घातलेले गंधकाचे टाके, आणि तेही एकमेकांत ओवलेले. ई. कोलायला ही गाठ मारता येत नाही. तो सगळं प्रथिन गोळा करून इन्क्लुजन बॉडीत, म्हणजे न विरघळणाऱ्या गठ्ठ्यात, टाकतो. ते ग्वानिडीनमध्ये विरघळवायचं, मग आर्जिनिन आणि ग्लुटाथायोनच्या थंड द्रावणात अगदी विरळ करून साखळीची पुन्हा योग्य घडी बसू द्यायची. साखळीच्या पुढचा जादा तुकडा, प्रो-भाग, ठेवून घडी घातली तर बरी बसते, तो नंतर ट्रिप्सिन या विकराने कापायचा. भोसरीत गुरुवारी वीज जाते, म्हणून घडीची बॅच शुक्रवारी लावायची असा नियम अण्णांनी भिंतीवर लिहून ठेवला आहे. चुकीच्या घडीचं एनजीएफ वजनाला बरोबर, शुद्धता तपासायच्या जेलवर एकच सुरेख पट्टी, शुद्धतेचा कागद चकचकीत. पेशी तेवढी फसत नाही.

कारण एनजीएफ हे चेतापेशीचं अन्न नाही, जगण्याची परवानगी आहे. भ्रूणात चेतापेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात. तंतू ज्या अवयवापर्यंत पोहोचतो तो अवयव मोजकंच एनजीएफ सोडतो. ते तंतूच्या टोकाशी ट्रक-ए ग्राहीला, म्हणजे संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, बसतं, संदेश तंतूतून उलटा पेशीच्या पिंडापर्यंत जातो आणि तिथली आत्मनाशाची यंत्रणा दाबून धरली जाते. ज्यांना मिळत नाही त्या स्वतःला संपवतात. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी युद्धकाळात तुरीनला झोपायच्या खोलीत कोंबडीच्या भ्रूणांवर हे चेतापेशींचं मरण बघायला सुरुवात केली. वापरलेली अंडी घरात खाल्ली जायची. पुढे सेंट लुईसला त्या आणि स्टॅन्ली कोहेन यांनी एनजीएफ हाती आणलं, उंदराच्या लाळग्रंथीत त्याचा मोठा साठा सापडला, आणि त्याच ग्रंथीच्या अर्कातून कोहेननी ईजीएफ वेगळं काढलं. १९८६ चं नोबेल दोघांना. आमच्या चारांतले दोन माल त्या एका ग्रंथीचे.

२०१६ ला आमच्याकडे एका प्रयोगशाळेची तक्रार आली. नवजात उंदराच्या सिंपथेटिक चेतापेशी (एनजीएफवाचून न जगणाऱ्या), तुमचं एनजीएफ घातलं, दोन दिवसांत सगळ्या मेल्या. ईमेलच्या प्रतीत आणखी बऱ्याच प्रयोगशाळा. बॅच नंबर आमचाच होता. आम्ही जपून ठेवलेला त्याच बॅचचा नमुना काढला, पीसी-१२ पेशींवर घातला, एनजीएफ काम करतं का ते यांच्यावर तपासतात. त्यांना लांबच लांब तंतू फुटले. मग मरतंय काय?

कुपी परत मागवली तेव्हा उलगडा झाला. कुपी नव्हतीच. आलं होतं ते स्क्रूच्या झाकणाची प्लास्टिकची ट्यूब, आत द्रव, लेबल पाच मायक्रोग्रॅमचं. आमचा माल काचेच्या कुपीत, सुका, ॲल्युमिनियमच्या टोपीने बंद, आणि पाच मायक्रोग्रॅमचं पॅक आम्ही कधी काढलंच नव्हतं. आमचा मुंबईचा वितरक शंभरची कुपी घ्यायचा, साध्या पाण्यात विरघळवायचा, छोट्या ट्यूबमध्ये वाटायचा आणि स्वतःच बर्फ वितळवणाऱ्या घरगुती फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवायचा. इतकं विरळ प्रथिन, सोबत सांभाळायला अल्ब्युमिन हे दुसरं प्रथिन नाही, ते प्लास्टिकच्या भिंतीला चिकटून बसतं. वर त्या कप्प्यात रोजचं वितळणं-गोठणं. ट्यूबवर लेबल आमचं आणि आत माल जवळजवळ काहीच नाही.

वितरण काढून घेतलं. त्यावर त्याने काय करावं? स्वतःच्या नावाचं एफजीएफ आणि लिफ बाजारात आणलं, आमच्या निम्म्या दरात, आणि सगळीकडे सांगत सुटला की भोसरीच्या मालाने पेशी मरतात. सरकारी खरेदीत सर्वांत कमी दर जिंकतो, आणि दर मोजतात मायक्रोग्रॅमवर. मायक्रोग्रॅममागे काम किती, हे तुलनेच्या तक्त्यात येतच नाही. त्याला आणखी एक सोय होती. एनजीएफ मेलेलं असेल तर चेतापेशी दोन दिवसांत बोंब मारतात. एफजीएफ अशक्त असेल तर स्टेम पेशी मरत नाहीत. हळूहळू बिघडतात, भलत्याच पेशी व्हायला लागतात, आणि विद्यार्थी आठवडेच्या आठवडे स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. आमचा बिघडवलेला माल पकडला गेला, त्याचा खपत राहिला.

पुढचं वर्ष कसं काढलं ते मी फार सांगत नाही. ऑर्डरी आटल्या, बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) मर्यादा संपली, माझं सोनं तारण गेलं. अण्णांनी पगार घेणं बंद केलं आणि सकाळी पुन्हा डेअऱ्यांच्या कामाला जायला लागले. दुपारी येऊन लायोफिलायझर लावायचे. दोघी मुली कामाला होत्या, त्या गेल्या. एक त्या वितरकाकडेच लागली. तिच्याविषयी राग नाही, तिला घर होतं.

टिकलो ते एका गिऱ्हाइकामुळे. एका सरकारी संस्थेतले सर, मूळचे सोलापूरचे, तिरसट, बिलाचे पैसे त्यांच्या संस्थेकडून उशिरा यायचे. पण त्यांनी आमची २०१४ ची पहिली एनजीएफ बॅच घेतली होती आणि नंतर दुसरीकडे गेले नव्हते. ते फोनवर म्हणाले, "सर्टिफिकेटं पाठवू नका मॅडम, कुप्या पाठवा. नावं झाकून." आमचा नमुना, ती ट्यूब आणि बाजारातून विकत घेतलेलं परदेशी एनजीएफ, तिन्हींवर नुसते आकडे. त्यांनी आठ दिवसांच्या कोंबडीच्या भ्रूणातले ग्रंथिगोल, म्हणजे चेतापेशींचे गोळे, काढले आणि त्यांवर हे नमुने घातले. दुसऱ्या दिवशी आमच्या आणि परदेशी नमुन्यातल्या गोळ्यांभोवती तंतूंचं दाट कडं, ट्यूबवाला बोडका. मग कुणी न सांगता त्यांनी त्या वितरकाचं एफजीएफ स्वतःच्या निधीतून घेऊन थ्री-टी-थ्री या उंदराच्या पेशींवर आमच्याशी ताडलं. आमच्या एका नॅनोग्रॅमचं काम करायला त्याचे कितीतरी नॅनोग्रॅम घालावे लागले. निकाल त्यांनी कुठे छापला नाही. ज्यांच्या प्रतीत ती तक्रार गेली होती त्या प्रत्येकाला मात्र पाठवला, विषयाच्या ओळीत फक्त बॅच नंबर.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक कुपीसोबत त्या बॅचचा पेशींवरचा आलेख जातो, वजनाचा कागद त्याच्या मागे. एंडोटॉक्सिनचा, म्हणजे जिवाणूच्या आवरणातून येणाऱ्या विषाचा, आकडाही छापतो, कारण ई. कोलायमधून आलेल्या मालात तो लपवणारे खूप. आणि कुपी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवा, झाकणाला चिकटलेलं फेकू नका. विरघळवून झालं की एकदाच वाटून ठेवा, वितळवलेलं पुन्हा गोठवू नका. फ्रॉस्ट-फ्री फ्रीज लॅबमध्ये ठेवायचाच असेल तर डबे ठेवायला ठेवा.

लॉकडाऊनबद्दल सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. २०१८ पासूनचं एक सांगते : कॉर्नियाच्या चेतातंतूंच्या आजारावर एनजीएफचे थेंब अमेरिकेत मंजूर झाले, तेही ई. कोलायमध्ये बनवलेले. तेव्हापासून अधूनमधून कुणाचे तरी नातेवाईक फोन करतात, तुमचं डोळ्यात घालता येईल का? येणार नाही. आमचा माल डिशमधल्या पेशींसाठी आहे, औषधाचा परवाना आणि कारखाना वेगळा असतो. हे मी प्रत्येकाला शांतपणे सांगते, आणि नेत्रतज्ज्ञांकडे जायला सांगते.

तो वितरक अजून आहे, निविदाही जिंकतो. सध्या आम्ही जीडीएनएफ या आणखी एका ग्रोथ फॅक्टरच्या मागे आहोत, डोपामिनवाल्या चेतापेशींसाठी मागणी आहे. घडी बसते, पण हाती फार थोडं लागतं आणि त्यातलंही निम्मं गाळणीवर राहतं. अण्णांचं म्हणणं, टाकीतला पंखा हळू करा. पुढच्या शुक्रवारी करून बघणार आहोत.