तुम्ही विचारलंत म्हणून: कल्पना ढापली तर?

"ताई, तुम्ही सगळं असं उघडं सांगता. उद्या कुणी कल्पना ढापली तर?" महिन्यातून दोनदा तरी हे विचारलं जातं. विचारणारा बहुतेक वेळा कारखानदार असतो, आणि त्याच्या कंपनीच्या वेबसाइटवर फोन नंबर शोधून सापडत नाही.

मी कोल्हापुरात छोट्या कंपन्यांच्या वेबसाइट करते. माझी कल्पना ढापली गेली आहे, म्हणून सांगते. पाच पानांच्या साइटचा दर मी माझ्या साइटवर सरळ लिहिला. 'दरासाठी संपर्क साधा' नाही. उद्योजकांच्या एका बैठकीत तो हिशेबही मांडला: तास किती, डोमेनचे किती, माझे किती. दोन महिन्यांत गावातल्याच एकाने तेच सुरू केलं, पाचशेने स्वस्त. मजकूरही माझाच. मी 'देखभाल'चं चुकून 'देखाभल' केलं होतं, तेही जसंच्या तसं.

१९७८ साली आर. जी. आनंद या नाटककाराच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कॉपीराइट कल्पनेवर नसतो, मांडणीवर असतो. म्हणजे दर लिहिण्याची कल्पना त्याचीही. 'देखाभल' मात्र माझं. फोन करून तेवढं काढायला लावलं. धंद्याच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंटही मिळत नाही. यंत्रात किंवा प्रक्रियेत खरंच काही नवं असेल तर मात्र आधी अर्ज, मग गप्पा. एकदा जाहीर झालं की नावीन्य उरत नाही. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाकला की पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात.

त्याच बैठकीत शिरोली एमआयडीसीतले एक फौंड्रीवाले (लोखंड ओतून सुटे भाग करणारे) उठून म्हणाले होते, "ताई, नंतरच्या बदलांचे पैसे कुठं धरलेत?" धरलेच नव्हते. दोन वर्षं मी ते फुकट करत होते. हिशेब झाकून ठेवला असता तर अजूनही करत असते.

पुढे त्यांचीच साइट माझ्याकडे आली. उघडली की तीन सरकती चित्रं, त्यात हस्तांदोलन करणारे सुटाबुटातले गोरे (हे लोक शिरोलीत कधी आले होते कोण जाणे), आणि 'गुणवत्ता हाच ध्यास'. ओतीव लोखंडातलं ग्रे आयर्न ओततात की जास्त चिवट एसजी, किती किलोपर्यंत, मशिनिंग घरात होतं का, काहीच नाही. "प्रतिस्पर्धी बघतील ना!" अहो, प्रतिस्पर्धी रस्त्यापलीकडे आहे, तुमच्या गाड्या रोज मोजतो. दिसत नाही ते पुण्याच्या परचेसवाल्याला.

मग गेटवर माल भरायला थांबलेल्या टेंपोवाल्या मामांना बोलावलं. त्यांच्याच मोबाइलवर साइट उघडून दिली आणि म्हटलं, इथला पत्ता काढा. मालक शेजारी उभे. मामांनी चित्रं सरकवली, मेनू उघडला, बंद केला. पत्ता सापडला तो एका फोटोच्या आत, पांढऱ्यावर फिक्या करड्या अक्षरांत. उन्हात वाचता येईना; बोटांनी मोठा केला तर फुटला. नकाशा नव्हता. चार मिनिटांनी मामा म्हणाले, "त्यापेक्षा मी वॉचमनला फोन करतो." मालक काही बोलले नाहीत.

गंमत म्हणजे यातलं निम्मं कायद्यातच आहे. कंपनी नोंदणीच्या २०१४ च्या नियमांनुसार साइट असलेल्या प्रत्येक कंपनीने नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक), फोन, ईमेल आणि तक्रारीसाठी माणसाचं नाव पहिल्याच पानावर द्यायचं असतं. अक्षरांच्या रंगालाही जगभर मानला जाणारा दंडक आहे: मजकूर आणि मागची बाजू यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढा फरक हवा. करड्यावाले इथेच नापास.

आता फौंड्रीच्या साइटवर कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे प्रकार, वजनाची मर्यादा आणि नमुना किती दिवसांत मिळेल हे सुरुवातीलाच आहे. चौकशीच्या फॉर्मात अकरा रकाने होते, तीन ठेवले. फोन नंबरवर बोट ठेवलं की फोन लागतो. दर नाहीत; पिग आयर्नचा, म्हणजे कच्च्या लोखंडाचा भाव हलता, तिथे मालकांचं बरोबर होतं.

पॅटर्न शॉपचा, म्हणजे साच्यासाठी लागणारे नमुने बनवतात तिथला एक फोटो मला फार आवडला होता, तो मात्र त्यांनी टाकू दिला नाही. मीही आग्रह धरला नाही. ते पॅटर्न गिऱ्हाइकांच्या ड्रॉइंगवरून केलेले.