नानांच्या बोलण्याची तपासणी : माझा अनुभव

लकवा झाल्यानंतर आमच्या वडिलांना, म्हणजे नानांना, रुग्णालयातून घरी सोडले तेव्हा हाती दिलेल्या कागदावर रक्तदाब, साखर, गोळ्यांच्या वेळा आणि उजव्या हातापायाचे व्यायाम एवढे सगळे नोंदवलेले होते; मात्र गेलेल्या वाचेचे काय करायचे, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात भेटायला येणारा प्रत्येक जण "बोलणं काय, येईल हळूहळू" असे म्हणून चहा घेऊन जाई आणि काही जण तर त्यांना ऐकू येत नसल्यासारखे मोठ्याने ओरडून बोलत. व्यायामासाठी घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टने मात्र स्पष्ट सांगितले की भाषा हा वेगळा विषय आहे, सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांतच जास्त असतो आणि म्हणून स्पीच थेरपिस्टकडून तपासणी लवकर करून घ्यावी. त्याप्रमाणे आम्ही जळगावच्या एका तज्ज्ञ मॅडमची वेळ घेतली. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असल्याची आधी खात्री करून घेतली, कारण १९९२ च्या कायद्यानुसार या व्यवसायासाठी ती आवश्यक आहे.

फोनवरच त्यांनी एक वेगळी सूचना केली. चष्मा, कवळी आणि रुग्णालयाची कागदपत्रे तर आणाच, पण नाना रोज हाताळत असत अशा काही वस्तूही पिशवीत घाला, असे त्या म्हणाल्या. आईने अडकित्ता, चुन्याची डबी, जुने पाकीट, कुलूप आणि एक विळा घातला. विळा कागदात गुंडाळून न्यावा लागला, ते सोडा.

सुरुवातीचा बराच वेळ नानांपेक्षा आमच्याशीच बोलण्यात गेला. ते उजव्या हाताने लिहीत का, शिक्षण किती, वर्तमानपत्र वाचत का, आधीपासून ऐकू कमी येत होते का, स्वभाव बोलका की अबोल, घरात कोणती भाषा आणि बाहेर कोणती, असे एकेक प्रश्न मॅडमनी विचारले. नाना सातवीपर्यंत शिकलेले आणि बाजार समितीत मापाडी. घरात निव्वळ अहिराणी, व्यापाऱ्यांशी मराठी आणि थोडी हिंदी. मॅडम खान्देशातल्या नव्हत्या. त्यांनी तिथेच ठरवले की आकलनाचे प्रश्न आधी मराठीत, मग आईकडून अहिराणीत विचारून घ्यायचे आणि कोणता प्रश्न कोणत्या भाषेत विचारला, हे प्रत्येक उत्तरापुढे लिहायचे.

कानात हेडफोन घालून श्रवणाची तपासणी झाली. वयाप्रमाणे थोडी घट निघाली, पण तिच्यामुळे बोलणे समजू नये इतकी ती नव्हती. त्यानंतर जीभ बाहेर काढणे, गाल फुगवणे, ओठांचा चंबू करणे आणि 'प-त-क' भरभर म्हणणे असे प्रकार झाले. हे कशासाठी, ते मॅडमनी समजावून सांगितले. स्नायू कमजोर झाल्यामुळे उच्चार अस्पष्ट होणे म्हणजे डिसार्थ्रिया. स्नायूंत ताकद असूनही उच्चाराच्या हालचालींची जुळणी न होणे म्हणजे अप्रॅक्सिया. मेंदूतली भाषाच बिघडणे म्हणजे अफेजिया, म्हणजेच वाचाघात. एकाच रुग्णात हे तिन्ही असू शकतात, पण प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो. घोट घोट पाणी पाजून ठसका लागतो का आणि गिळल्यानंतर आवाज ओलसर होतो का, हेही त्यांनी त्याच वेळी पाहिले.

खरी अडचण पुढे आली. लकव्यानंतर नानांच्या तोंडी 'नही' हा एकच शब्द उरला होता आणि तो ते होकारालाही वापरत. आम्ही त्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधत असू. मॅडमनी सांगितले की असा एखादाच शब्द मागे राहणे नवीन नाही. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने १८६१ साली ज्या रुग्णाचे वर्णन केले, तोही प्रत्येक प्रश्नाला 'तान' एवढेच म्हणत असे. मात्र हो आणि नाही यांची खात्री पटल्याशिवाय पुढच्या उत्तरांना अर्थ नव्हता. म्हणून त्यांनी दोन पुठ्ठे समोर ठेवले, एकावर हिरवी बरोबरची खूण, दुसऱ्यावर लाल फुली. "हा दिवा चालू आहे का?", "तुम्ही आत्ता शेतात आहात का?" असे साधे, उत्तर डोळ्यांसमोर असलेले प्रश्न त्या एकेक करून विचारू लागल्या. तोंडाने 'नही' म्हणत असतानाच नानांचा डावा हात योग्य पुठ्ठ्यावर जाऊ लागला. "तुमले पानी जोयजे का?" असे आईने विचारले, तेव्हा तर प्रश्न पुरा होण्याआधीच बोट हिरव्या खुणेवर गेले.

यानंतर आम्हाला त्यांच्या मागे बसवण्यात आले, आणि त्याचे कारण मला महत्त्वाचे वाटते. आमचा समज असा होता की नानांना सगळे समजते, फक्त बोलता येत नाही. घरात "जेवायला चला" म्हटले की ते उठत. पण ताट वाढलेले दिसत असते, भाकरीचा वास येत असतो, आईही हाताने खूण करत असते. तपासणीत हे सगळे आधार काढून घेतले जातात. समोर नुसत्या वस्तू मांडून "कुलूप दाखवा" म्हटले की ते दाखवत; "डबी उचला आणि पाकिटावर ठेवा" म्हटले की डबी उचलून हात तसाच अधांतरी राही. मी मागे बसून नकळत पुढे झुकत होतो. मॅडमनी मान न वळवता, "दादा, तुम्ही नाही, नाना," एवढेच म्हटले.

मोजणीच्या वेळी मजा झाली. एकापासून दहापर्यंत म्हणा, असे सांगून मॅडमनी स्वतः 'एक' म्हटले. नाना थांबले, आणि मग ओठांची बरीच ओढाताण करून "लाभ, दोन, तीन, चार" असे सलग सातपर्यंत गेले. मॅडमनी पहिला शब्द चुकीचा म्हणून लिहायला घेतला होता. मापाडी पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात, हे आईने सांगितल्यावर त्यांनी तो खोडून पूर्ण गुण दिला. सवयीने मुरलेले असे बोलणे, म्हणजे आकडे, वार, शिव्या, आरत्या, अफेजियातही बऱ्याचदा शिल्लक राहते, पण त्यावरून मनातले सांगता येते असे समजू नये, हेही त्यांनी बजावले. चित्रांची नावे सांगताना हेच पुन्हा झाले. पहिल्या अक्षराची मदत दिल्यावर नानांनी 'डोया' म्हटले. अहिराणीत ळ चा य होतो, धुळ्याचे धुये होते, त्यामुळे हा दोष नव्हे, नानांचा मूळ उच्चारच आहे, अशी नोंद अहवालात आली. छापील चित्रांपैकी निम्मी त्यांना ओळखता आली नाहीत, तर अडकित्त्याचे नाव मात्र 'अ' म्हणताच निघाले.

वाक्ये मागोमाग म्हणणे जवळजवळ जमलेच नाही. डाव्या हाताने स्वतःचे नाव लिहिताना पहिली दोन अक्षरे आली आणि पुढे रेघोट्या झाल्या.

हे प्रश्न ज्या चाचणीवरून घेतले होते, ती मुळात इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी तयार झालेली आहे, हे मॅडमनी आधीच सांगितले होते. अँड्र्यू कर्टेझ यांच्या १९८२ च्या त्या चाचणीत उत्स्फूर्त बोलणे, आकलन, पुनरुच्चार आणि नावे सांगणे यांवरून शंभरपैकी एक अंक निघतो आणि तो ९३.८ पेक्षा कमी असला तर अफेजिया मानतात. नानांचा अंक बराच खाली होता, पण भाषांतरित प्रश्नांवरून काढलेल्या अंकाला फार चिकटून बसू नका, असे त्या म्हणाल्या. निष्कर्ष ब्रोका प्रकारच्या अफेजियाचा होता, म्हणजे समजते त्या मानाने बरे पण बोलणे फार अडते असा, आणि सोबत थोडा अप्रॅक्सिया. बुद्धी गेलेली नाही, हे त्यांनी अहवालात वेगळ्या ओळीत लिहिले. आमच्या काकांना दाखवायला ती ओळ फार उपयोगी पडली.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राबद्दल मी विचारले. २०१६ च्या कायद्यात अफेजियामुळे येणाऱ्या वाचा-भाषा अपंगत्वाचा समावेश आहे, पण तो कायमस्वरूपी अपंगत्वाबद्दल बोलतो, त्यामुळे सुधारणा चालू असताना घाई करू नये, असा सल्ला मिळाला.

काही महिन्यांनी त्याच वस्तू घेऊन पुन्हा तपासणी झाली. नावे सांगण्यात चांगली वाढ दिसली आणि 'हो' हा शब्द परत आला. दोन भागांच्या सूचना मात्र अजून अडखळतात. म्हणून आता घरात कोणीही नानांना एका वेळी एकच गोष्ट सांगते आणि ती झाल्यावर दुसरी. हिरवी-लाल पुठ्ठ्यांची जोडी त्यांच्या खाटेशेजारी आहे, कारण थकल्यावर 'हो' आणि 'नही' अजूनही अदलाबदल होतात.