फुग्याला मीटर लावायचा नसतो

माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या पंपांच्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान आहे, पांढरकवड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. हरभऱ्याला पाणी सुरू झालं की जळलेल्या सबमर्सिबल रांगेनं येतात. बावीस वर्षं हेच करतोय, त्यामुळे हाताला एक सवय जडली आहे: काही बंद पडलं की मीटर ओहमवर, म्हणजे वायरीतला अडथळा मोजायला टाकायचा आणि दोन टोकं लावायची. डोकं नंतर चालतं, हात आधी जातो. गाडीच्या एअरबॅगपाशी, म्हणजे धडकेत उघडणाऱ्या फुग्यापाशी, नेमका हा हात आवरावा लागला.

गाडी जुनी घेतलेली, 2017 ची. 1 जुलै 2019 पासून ड्रायव्हरची एअरबॅग नव्या गाड्यांना सक्तीची झाली. माझी त्याआधीची, पण वरचं मॉडेल असल्यानं तिला होती. डॅशबोर्डवर तिचा एक लाल दिवा असतो, सीटवर बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे एक गोळा. चावी फिरवली की तो पाच-सात सेकंद लागतो आणि विझतो. विझला म्हणजे सगळं ठीक. माझा एक दिवस विझलाच नाही.

मी दुर्लक्ष केलं. खोटं कशाला सांगू. गाडी चालत होती, ब्रेक लागत होता. चौथ्या दिवशी बायकोनंच विचारलं, "हे लाइट काऊन जळते हो?" म्हटलं, असंच. ती म्हणाली, "असंच जळाले तो देवघरातला दिवा हाय का?"

त्याच आठवड्यात हॉर्नही रुसला. गावात शिरताना मारुतीच्या पाराशी डावीकडे वळण आहे, तिथं गाय-वासरू, पोरं, कुत्री, सगळी रस्त्यावर. वळताना हॉर्न दाबला तर चूप. गाडी सरळ झाली की वाजतो. मी हॉर्नचा रिले बदलला, काही फरक नाही. हॉर्न आणि लाल दिवा यांचा संबंध असेल हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

तालुक्याच्या गावी एका गॅरेजवाल्यानं दिवा पाहिला आणि दोन मिनिटांत इलाज सांगितला. "भाऊ, डॅशबोर्डचा मीटर खोलतो अन् बल्बच काढून टाकतो. झंझटच नाई." दुसऱ्यानं सांगितलं, फुगा गेला, अख्खा बदलावा लागेल. फुग्याचा आकडा ऐकून मी गाडी वळवली. पहिल्याचा इलाज मात्र माझ्या मनात जास्त खुपला. दिवा लागलेला असतो तेव्हा एअरबॅगचं कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे तिचा छोटा कॉम्प्युटर, सांगत असतं की आपल्याला या सर्किटचा भरवसा नाही. धडक झाली तर फुगा उघडेल याची खात्री नाही. त्या सांगणाऱ्याचंच तोंड दाबायचं? मोटार जळू नये म्हणून बसवलेला ओव्हरलोड रिले शेतकरी वगळून लाइन डायरेक्ट करून टाकतो आणि मग मोटार माझ्याकडे घेऊन येतो, त्यातलीच गत.

गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथवाला स्वस्त स्कॅनर माझ्याकडे होता. त्यानं "एकही फॉल्ट नाही" दाखवलं. तो इंजिनाचेच कोड वाचतो, एअरबॅगच्या मॉड्यूलशी बोलतच नाही, हे नंतर कळलं. शेवटी यवतमाळला एक ओळखीचा पोरगा आहे, त्याच्याकडे चांगला स्कॅनर. त्यानं वाचलं: ड्रायव्हर एअरबॅग सर्किट, रेझिस्टन्स जास्त. मग त्यानं चालू आकडा स्क्रीनवर लावला आणि म्हणाला, "काका, स्टेअरिंग फिरवा हळूहळू." सरळ असताना 2.3 ओहम. डावीकडे सव्वा फेरा झाला की आकडा उडाला, सर्किट उघडं, म्हणजे वाट कुठंतरी तुटलेली. परत आणलं की 2.3. मला पाराजवळचा मुका हॉर्न आठवला.

स्टेअरिंग फिरतं, त्याच्या मागची वायर मात्र गाडीला बांधलेली. मग हॉर्नचा आणि फुग्याचा करंट फिरत्या चाकात जातो कसा? मधे क्लॉक स्प्रिंग नावाची गोल डबी असते. तिच्यात घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी पट्टी, प्लास्टिकच्या पापुद्र्यात तांब्याच्या बारीक रेघा. एका बाजूला फिरवलं की गुंडाळते, दुसरीकडे सुटते. हॉर्न आणि फुगा दोन्ही त्याच पट्टीतून. दोघं एकाच वळणावर मरत होते म्हणजे संशय डबीवर. पण दुसऱ्यानं फुगाच गेला म्हणून सांगितलं होतं, तेव्हा फुगा निर्दोष आहे हे सिद्ध केल्याशिवाय पैसे घालवायचे नव्हते.

इथं माझा हात मीटरकडे गेला.

फुग्याच्या आत ठिणगी पाडणारा एक बारीक फिलामेंट असतो, सुमारे दोन ओहमचा. त्यातून ठरावीक करंट गेला की गॅस तयार होतो आणि पापणी लवायच्या आत फुगा भरतो. मीटर ओहम मोजताना स्वतःचा करंट सोडतो. थोडाच असतो, बहुधा काहीच झालं नसतं. पण कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये ठळक लिहिलेलं असतं की फुग्याला मीटर लावू नका, आणि त्या "बहुधा" वर तोंड ठेवून बसायची माझी तयारी नव्हती. फुगा मोजायचा नाही, त्याच्या जागी दुसरं काही लावून पाहायचं.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. लगेच हात घालायचा नाही, कारण धडकेत बॅटरी तुटली तरी फुगा उघडावा म्हणून मॉड्यूलमध्ये वीज साठवणारा कपॅसिटर भरलेला असतो. कपॅसिटर काय चीज आहे हे रिवाइंडिंगवाल्याला शिकवावं लागत नाही. सिंगल फेजच्या मोटारीच्या कपॅसिटरनं मला दोनदा भिंतीवर आपटलं आहे. मॅन्युअलमध्ये काही मिनिटं थांबायला सांगितलं होतं. मी चहा पिऊन, पानाची पिचकारी टाकून आलो.

बॉडीच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्टॅटिक घालवली. स्टेअरिंगच्या मागून स्टार बिटनं दोन स्क्रू सोडवले, फुग्याचा भाग पुढे आला. मागे पिवळा कनेक्टर. एअरबॅगच्या वायरी आणि कनेक्टर सहसा पिवळे असतात, उगाच कुणी हात घालू नये म्हणून. त्याची लॉकची पट्टी बारीक स्क्रू ड्रायव्हरनं वर उचलली तेव्हा तो निघाला. फुगा छातीशी धरायचा नाही, कव्हर अंगापासून दूर ठेवायचं, आणि ठेवताना कव्हर वर. मी तो मागच्या खोलीत फरशीवर ठेवला आणि दाराला कडी लावली. बाबा बाहेरून ओरडले, "काय कोंडलं रे आत? साप हाय का?"

मग 2.2 ओहमचा, म्हणजे जवळपास फुग्याइतक्याच अडथळ्याचा एक रेझिस्टर घेतला, दीड-दोन रुपयांचा, आणि फुग्याच्या जागी कनेक्टरला जोडला. बॅटरी लावली, यवतमाळच्या पोराला स्कॅनरसह बोलावलंच होतं. सरळ असताना आकडा ठीक. डावीकडे सव्वा फेरा, उघडं. फुगा तर खोलीत कडीत. सुटला तो बिचारा आरोपातून.

पुन्हा बॅटरी काढली, पुन्हा थांबलो. चाकं सरळ, स्टेअरिंग आणि शाफ्टवर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली, नट ढिला केला पण पूर्ण काढला नाही. चार आटे राहू द्यायचे, नाहीतर ओढताना स्टेअरिंग थेट दातांवर येतं. डबी हातात आली. आता मीटर चालतो, कारण तिला फुगा जोडलेला नाही.

तरी अर्धा तास फसलो. वरच्या टोकाच्या दोन वायरींमध्ये मीटर लावला तर शून्य. म्हटलं, शॉर्ट झाली! पण स्कॅनर तर उघडं सांगत होता. शेवटी खालचा पिवळा कनेक्टर टॉर्च मारून पाहिला, तर आत पितळेची बारीक पट्टी दोन्ही पिनांना चिकटलेली. ती मुद्दाम असते. कनेक्टर काढला की ती पट्टी फुग्याकडच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडते, म्हणजे भटक्या करंटनं फुगा उडू नये. तिच्याखाली लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा सरकवला आणि एकेक वायर टोकापासून टोकापर्यंत मोजली. एक ठीक. दुसरी, डबी फिरवत गेलो, सव्वा फेऱ्याला गेली.

डबी उघडली. पट्टीच्या घडीवर केसासारखी चीर होती. माझा अंदाज असा की आधीच्या मालकाकडे कुणीतरी स्टेअरिंग काढून डबी मध्यावर न आणता बसवली. डबीला दोन्ही बाजूंना मोजकेच फेरे असतात. एकीकडे कमी उरले की पूर्ण वळवताना पट्टी ताणते, आणि तांबं रोज वाकलं की एक दिवस तुटतंच. जुन्या नटावरची रंगाची खूणही सरकलेली होती. हात डागणीकडे शिवशिवत होता, पण सोल्डरचा सांधा कडक होतो, त्याच्या शेजारी पुन्हा चीर जाणार. फुग्याच्या लाइनला असला जुगाड नको.

नवी डबी ओरिजिनल घेतली, नागपूरहून आली. तिला मध्यावर धरून ठेवणारी एक लॉकची पिन असते, ती बसवून होईपर्यंत काढायची नाही. नट टॉर्क पान्यानं आवळला. फुगा परत लावताना, खरं सांगतो, तळहाताला घाम होता. बॅटरी जोडल्यावर गाडीत कुणाला बसू दिलं नाही, खिडकीतून हात घालून चावी फिरवली.

दिवा लागला आणि विझलाच नाही.

पोरगा हसला. जुना कोड मेमरीत साठलेला होता, तो पुसावा लागतो. त्यानं पुसला, चावी बंद-चालू केली. सहा सेकंद मोजले मी. विझला.

संध्याकाळी बाबांना घेऊन पाराच्या वळणावर गेलो, पूर्ण डावीकडे वळवून हॉर्न दाबला. पारावरचं कुत्रं उठून बसलं. बाबा म्हणाले, "मंग फुगा हाय का नाई आत?" म्हटलं, आहे. म्हणाले, "तो बेल्ट मले बी लावून दे."