पाच पायथन, एक शेल

कॅसान्ड्रा या डेटाबेसचं सीक्यूएलएसएच, म्हणजे क्वेरी टाइप करून उत्तर बघायचं शेल, माझ्याकडे दिवसभर उघडं असतं. हे शेल पायथनमध्ये लिहिलेलं, आणि लॅपटॉपवर पायथन एक, सर्व्हरवर भलतंच. म्हणून त्यात एवढासा बदल केला तरी मी तो ३.८ पासून ३.१२ पर्यंत प्रत्येक आवृत्तीवर चालवून बघतो.

आधी एकाच मशीनवर पाचही पायथन बसवले होते. पाथ कुणाचा, लायब्ररी कुणाची, यातच संध्याकाळ जायची. आता डॉकर वापरतो, ते प्रत्येक प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या बंद डब्यात चालवतं. त्याच्या एका नेटवर्कवर कॅसान्ड्राचा एक कंटेनर, आणि शेलसाठी दर आवृत्तीचा वेगळा, काम झालं की पुसला जाणारा. कोड फक्त वाचण्यापुरता माउंट करतो, नाहीतर पायथनने स्वतःसाठी बनवलेल्या, रूटच्या मालकीच्या पायकॅश फाइली मागे उरतात. होस्ट म्हणून लोकलहोस्ट देऊन चालत नाही. कंटेनरचं लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतःच. तिथे कॅसान्ड्राच्या कंटेनरचं नाव लागतं. शिवाय कंटेनर उठला म्हणून कॅसान्ड्रा उठली असं नसतं, ९०४२ पोर्टवर उत्तर येईपर्यंत स्क्रिप्टला थांबवावं लागतं.

३.११ पर्यंत सगळं सुरळीत. ३.१२ वर मात्र प्रॉम्प्ट यायच्या आतच ट्रेसबॅक, म्हणजे पायथनचा चूक सांगणारा मजकूर: असिंककोर नावाचं, नेटवर्क जोडण्या सांभाळणारं मॉड्यूलच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ मधून ते काढून टाकलंय, आणि त्याच कामाच्या लिबईव्ह लायब्ररीचं सी एक्स्टेंशन नसेल तर माझ्याकडचा जुना ड्रायव्हर, म्हणजे शेलला कॅसान्ड्राशी जोडणारा भाग, असिंककोरच्याच भरवशावर होता. कंटेनर ज्या साच्यावरून बनतो त्या पायथनच्या काटछाट केलेल्या स्लिम इमेजमध्ये सी कंपायलर नसतो, त्यामुळे एक्स्टेंशन बनलंच नव्हतं. जीसीसी हा कंपायलर आणि लिबईव्हच्या हेडर फाइली टाकून ड्रायव्हर पुन्हा बांधला, तेव्हा कुठे प्रॉम्प्ट आला.

तरी एवढ्यावर मी थांबत नाही. कमांडलाइनवरूनच क्वेरी दिली आणि उत्तर आलं, यात शेलचा अर्धा भाग जागाही होत नाही. माणूस शेलसमोर बसतो तो टाइप करायला. म्हणून प्रत्येक कंटेनर खऱ्या टर्मिनलसकट उघडतो. सिलेक्टची पहिली तीन अक्षरं लिहून टॅब दाबतो. सेमीकोलन न देता एंटर मारतो, पुढच्या ओळीला तीन ठिपके यायला हवेत. वरचा बाण दाबला की मागची क्वेरी परत यायला हवी. मग ‘क्षितिज’ असलेली एक रो घालतो आणि वाचून बघतो, अक्षरं जशीच्या तशी आली का. शेवटी अर्धी क्वेरी लिहून कंट्रोल-सी: ओळ जायला हवी, शेल नाही.