फोन भरलेला, गॅलरी रिकामी

"रीसेट सोडून काहीही करा," फोन काउंटरवर ठेवता ठेवताच त्यांनी अट घातली. त्याआधी ते ज्या ज्या ठिकाणी जाऊन आले होते, तिथे प्रत्येकाने रीसेटच, म्हणजे सगळं पुसून फोन कोरा करणंच, सुचवला होता.

फोन दुरुस्तीच्या कामात 'स्टोरेज फुल' ही रोजचीच तक्रार. बहुतेक वेळा गिऱ्हाइकाशी बोलता बोलता काम उरकतं. हा फोन मात्र उठतच नव्हता. कंपनीचा लोगो यायचा, पडदा काळा व्हायचा, एक थरथर, की पुन्हा लोगो. आदल्या रात्रीपासून हेच चाललं होतं. ते बांधकामावरचे साइट इंजिनीअर. फोनमध्ये कित्येक महिन्यांचे सळईचे फोटो. कॉन्क्रीट ओतलं की आतली सळई कुणाला दिसत नाही. ती किती जाडीची होती, किती अंतरावर बांधली होती, याचा पुरावा म्हणजे ओतण्याआधी काढलेले फोटो. पुन्हा काढायचे म्हटलं तर कॉलम फोडावा लागेल. आणि बिल त्यावरच अडलेलं.

"नुसती जागा संपली म्हणून फोन बंद पडतो?" त्यांना पटेना.

पडतो. चालू होताना सिस्टीम आणि ॲप्स सतत काहीतरी लिहीत असतात: नोंदी, डेटाबेसमधले बदल, तात्पुरत्या फाइली. लिहायलाच जागा नसेल तर एखादी महत्त्वाची प्रक्रिया कोसळते, फोन रीस्टार्ट होतो आणि पुन्हा तिथेच येऊन आपटतो. त्यात फ्लॅश मेमरीची, म्हणजे फोनमधलं सगळं साठवणाऱ्या चिपची, खोड अशी, की जुन्या मजकुरावर थेट नवं लिहिता येत नाही. आधी तिथला अख्खा ब्लॉक, म्हणजे जागेचा ठरावीक तुकडा, पुसायचा, मग लिहायचं. मोकळे ब्लॉक कमी झाले की आतल्या आत डेटाची हलवाहलव वाढते. त्यामुळे गळ्यापर्यंत भरलेला फोन बंद पडण्याआधी बरेच दिवस रडतखडत चालत असतो. यांचाही चालत होता. "कॅमेरा उघडायला वेळ लागायचा," ते म्हणाले. लोक याला 'फोन जुना झाला' म्हणतात.

मेमरी चिप काढून दुसरीकडे वाचा, असाही सल्ला त्यांना मिळाला होता. त्याचा उपयोग नव्हता. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढची आवृत्ती घेऊन बाजारात आलेल्या फोनमध्ये प्रत्येक फाइल एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात, असते आणि तिची किल्ली त्या फोनच्या हार्डवेअरशी आणि मालकाच्या पॅटर्नशी बांधलेली असते. चिप सुटी केली तर हाती अर्थहीन आकडे लागतात. म्हणजे हाच फोन, याच बोर्डावर, एकदा तरी उठायला हवा होता.

बटणं दाबून रिकव्हरी मेनूत, म्हणजे फोन पूर्ण न उठताही उघडणाऱ्या दुरुस्तीच्या यादीत, गेले. इथे स्पर्श चालत नाही. आवाजाच्या बटणांनी ओळ बदलायची आणि पॉवरच्या बटणाने निवडायची. या फोनमध्ये 'फॅक्टरी रीसेट' आणि 'कॅशे पुसा' या ओळी एकाखाली एक होत्या. पहिलीने सगळं जातं, दुसरीने फक्त तात्पुरत्या साठवलेल्या फाइली जातात, मालकाचं काहीच जात नाही. मध्ये फक्त एका बटणाचा दाब. इंजिनीअरसाहेब काउंटरवरून वाकून बघत होते, आणि मी काय निवडते आहे ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. कॅशे पुसली. काही फरक नाही, पुन्हा लोगो.

मग सेफ मोड. यात आपण टाकलेली ॲप्स सुरूच होत नाहीत, त्यामुळे उठताना सिस्टीमवरचा भार कमी होतो. हमखास चालेल असं नाही, पण या वेळी चालला. लोगो बराच वेळ लटकून राहिला आणि अखेर कुलपाचा पडदा आला, कोपऱ्यात 'सेफ मोड' ही अक्षरं. त्यांनी पॅटर्न टाकला. स्टोरेजचं पान उघडलं तर १२८ जीबीपैकी शिल्लक जवळपास शून्य.

आता फोन पुन्हा झोपण्याआधी काहीतरी काढायला हवं होतं, आणि ते असं हवं की गेल्याचं दुःख नाही. फोन केबलने कॉम्प्युटरला जोडून व्हॉट्सॲपचं 'डेटाबेसेस' फोल्डर उघडलं. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप रोज फोनमध्येच गप्पांचा बॅकअप घेतं आणि मागच्या काही दिवसांच्या फाइली तारखांसकट ठेवून देतं. कामाचे ग्रुप असले की एकेक फाइल चांगलीच फुगते. ताजी ठेवली, जुन्या तारखांच्या उडवल्या. काही जीबी सुटले, रीस्टार्ट केला आणि फोन नेहमीसारखा उठला. इंजिनीअरसाहेबांनी तोवर उभ्यानेच तग धरला होता. आता खुर्ची ओढून बसले.

खरी गंमत पुढे होती. गॅलरी उघडली तर जेमतेम काही फोटो. "काल रात्री व्हिडिओ सगळे उडवले, तरी जागा सुटेना," ते वैतागून म्हणाले. सुटणार कशी? गॅलरीतून उडवलेलं ट्रॅशमध्ये जातं आणि त्यांच्या फोनमध्ये ते तिथे ३० दिवस राहतं. तेवढे दिवस जागाही तशीच अडून राहते. अशा वेळी जो तो सांगतो, आधी ट्रॅश रिकामा करा. मी उघडून पाहिल्याशिवाय तो कधीच रिकामा करत नाही. घाबरलेल्या माणसाने मध्यरात्री काय काय निवडलं असेल याचा नेम नसतो.

उघडला. प्रत्येक चित्राखाली '२९ दिवस' असं लिहिलेलं. वरचे सगळे व्हिडिओ. खाली सरकवत गेले तर फोटो लागले: सळईचा पिंजरा, त्यावर आडवी धरलेली मेजर टेप, शेजारी पाटीवर खडूने लिहिलेला कॉलमचा नंबर. असे पानंच्या पानं.

"हे मी उडवलेलेच नाहीत!"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. गॅलरीत तारखेशेजारच्या गोलावर बोट पडलं की त्या दिवसाचं सगळंच निवडलं जातं, फोटो काय नि व्हिडिओ काय. सगळे परत आणले. ट्रॅश आधीच रिकामा केला असता तर? पुसलेल्या जागेची खबर सिस्टीम मेमरीला देते, मेमरी ती जागा कोरी करून टाकते, आणि त्यावर एन्क्रिप्शन आहेच. 'रिकव्हरी ॲप' नावाच्या गोष्टींचा तिथे काही उपयोग होत नाही.

"गूगल फोटोजमध्ये असतीलच की," ते म्हणाले. नव्हते. गूगलचे फुकटचे १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून असतात, आणि १ जून २०२१ पासून वर चढवलेले फोटो, थोडे आकसून ठेवले तरी, त्यातच मोजले जातात. यांचा कोटा केव्हाच भरलेला आणि बॅकअप मुकाट्याने थांबलेला. तसा इशारा ॲपमध्ये येत होता. इशारे कोण वाचतं?

मग कॉपी. 'कट' करून हलवायचं नाही, हे मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगते; केबल मध्येच हलली की फाइल ना इकडची ना तिकडची. आधी हार्ड डिस्कवर प्रत घ्यायची, दोन्हीकडची संख्या आणि आकार ताडून बघायचा, मधले चार फोटो उघडून बघायचे, आणि मगच फोनमधले काढायचे. बाकीचा वेळ यातच गेला.

एवढी जागा खाल्ली कशाने? मुख्यतः व्हिडिओंनी. कॅमेरा फोर-केवर, म्हणजे फुल एचडीहून बारीक चित्राच्या दर्जावर, लावलेला होता. त्यात एका मिनिटाला साधारण ३०० ते ३५० एमबी जातात, फुल एचडीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. भिंतीचा ओलावा दाखवायला फोर-के कशाला? त्यानंतर व्हॉट्सॲप. पाठवलेल्या फोटो-व्हिडिओंच्या प्रती ते 'सेंट' फोल्डरात वेगळ्या ठेवतं, म्हणून यांचा प्रत्येक फोटो फोनमध्ये दोनदा. तीच ड्रॉइंगची पीडीएफ ग्रुपागणिक पुन्हा उतरलेली. व्हॉट्सॲपच्याच सेटिंगमध्ये 'मॅनेज स्टोरेज' आहे. तिथे ५ एमबीहून मोठ्या फाइली आणि वारंवार फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या काढून दाखवतात. तिथून निवडून उडवलं, आपोआप डाउनलोड बंद केलं.

दोन 'क्लीनर' ॲप्सही होती. रोज कॅशे पुसायची आणि इतका कचरा काढला म्हणून पाठ थोपटून घ्यायची. कॅशे दुसऱ्या दिवशी परत भरते, कारण ॲपला ती लागतेच. दोन्ही काढली. 'क्लिअर डेटा'ला मात्र हात लावू नका, हे दोनदा बजावलं. कॅशे गेली तर ॲप पुन्हा उभी करतं, डेटा गेला की ॲप कोरं.

जाताना त्यांच्या हातात हार्ड डिस्क दिली आणि सांगितलं, एकच प्रत म्हणजे प्रत नाही, आजच ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दुसरी टाका.

"टाकली असती हो," ते म्हणाले, "पण त्याची डिस्कपण लाल दाखवतेय."