मोरघारीची सावली

भोर तालुक्यातल्या डोंगरकडेच्या गावांत मी पशुधन पर्यवेक्षक आहे. परसात पहिल्यांदा कोंबड्या पाळणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो, "दादा, अंडी कुठली जास्त घालते?" मीही तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर देत आलो होतो.

एका वाडीतल्या काकूंना मी वनराज सुचवली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने खास परसासाठी तयार केलेली जात, अंगाने भरदार, अंडी आणि मटण दोन्हीला चालणारी. काकूंनी दीड महिन्याचे दहा पक्षी आणले. घरची एक गावरान कोंबडी आधीपासून होती, तिची सात पिल्लं तिच्या मागे फिरत होती.

एका सकाळी फोन आला. "दादा, दोन दिसांत तीन गेले." ऐकताच मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, डोक्यात आली. लशीचा डबा घेऊन निघालो. पोचल्यावर एकेक पक्षी हातात धरून पाहिला. माना सरळ, तुरे लाल, शेपटीखाली हिरव्या विष्ठेचा डाग नाही, धापही नाही. मेलेला पक्षी दाखवा म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "मेलेलं न्हाईच दादा, नुसती पिसं घावली."

तेवढ्यात अंगणावरून सावली सरकली. गावरान कोंबडीने मान तिरपी करून वर पाहिलं आणि गळ्यातून एक लांब, खर्जातला आवाज काढला. डोळ्याचं पातं लवायच्या आत सातही पिल्लं घाणेरीच्या जाळीत गडप झाली. वनराज मात्र उघड्यावरच उभे, माना उंचावून. मी ओरडत धावलो, पण मोरघार चौथा पक्षी घेऊन उंबराकडे निघून गेली होती.

काकू काही बोलल्या नाहीत. मला मात्र ते फार लागलं. तीन बाजूंनी रान, अंगणाला आडोसा नाही, आणि मी वजन नि अंड्यांचे आकडे सांगून मोकळा झालो होतो. त्या पक्ष्यांचाही दोष नव्हता. यंत्रात उबवलेल्या, आईविना वाढलेल्या पिल्लांना वर बघून पळायला शिकवलं कोणी?

उरलेल्या सहांसाठी त्याच दिवशी जुनी मासेमारीची जाळी बांधून घेतली.

पुढे ती गावरान पुन्हा अंडी उबवायला खुडूक बसली. वीसएक दिवस झाल्यावर मी ग्रामप्रियाची एक दिवसाची आठ पिल्लं नेली. ही हैदराबादचीच, पण अंगाने हलकी आणि अंड्यांना चांगली. स्वतः मात्र सहसा खुडूक बसत नाही. रात्री बॅटरी विझवून एकेक अंडं काढलं आणि त्याच्या जागी एकेक पिल्लू सरकवलं. पहिल्याला तिने माझ्या मनगटावर चोच मारली. तिसऱ्यानंतर पंख सैल केला आणि बारीक आवाजात कुरकुरायला लागली. सकाळी आठही पिल्लं तिच्या पोटाखालून डोकावत होती.

सातव्या दिवशी लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लशीचा, थेंब डोळ्यात घालायला गेलो. वर काहीतरी फिरत होतं, साधी घार असेल. कोंबडीने तोच खर्जातला आवाज काढला. अंगण रिकामं झालं. काकू आणि मी अर्धा तास घाणेरीत हात घालून एकेक पिल्लू शोधत बसलो. आठवं काकूंच्या पदराखाली सापडलं.